दुसरी सीडी जिथे अडकायची तिथपर्यंतचं रामायण

बिनसाखर

लोकहो, हा धागा काढायचा काढायचा म्हणून वर्ष गेलं, आज लेक लवकर झोपली आणि लाईट पण आहेत तर काढूनच टाकतो. विषय जपानी रामायण. म्हणजे 'रामायण : द लेजंड ऑफ प्रिन्स रामा', १९९२ चा, युगो साको नावाच्या जपानी माणसाने काढलेला अ‍ॅनिमेशनपट, सोबत आपले राम मोहन आणि कोइची सासाकी दिग्दर्शनाला. नव्वदीच्या शेवटी किंवा दोन हजारच्या सुरुवातीला जे शाळेत होते त्यातल्या निम्म्यांनी हा कार्टून नेटवर्कवर दसरा दिवाळीच्या सुट्टीत पाहिलाय, उरलेल्या निम्म्यांनी नावही ऐकलेलं नाही, मधलं कोणी मला अजून भेटलं नाही.

माझी गोष्ट जरा वेगळी. आमच्याकडे केबल नव्हती. वडलांचं म्हणणं केबल आली की दहावी गेली, मी तेव्हा दुसरीत होतो तरी. तर मी हा पाहिला सांगलीला आत्याकडे, मे महिन्यात, व्हीसीडीवर. पिक्चर सव्वादोन तासांचा, एका व्हीसीडीत मावायचा नाही म्हणून दोन सीड्या. पहिली एकदम चकाचक. दुसरी सुरू व्हायची, हनुमान, लंका, सेतू सगळं व्यवस्थित, मग कुंभकर्ण उठायचा आणि त्याचा तो डोंगराएवढा देह वानरांवर चालून यायला लागला की चौकोन चौकोन दिसायला लागायचे, आवाज टर्र टर्र करायचा आणि प्लेअर गप. प्रत्येक वेळी तिथेच. टूथपेस्ट लावून झाली, आत्याच्या मऊ साडीच्या तुकड्याने पुसून झाली, फ्रीजमध्ये ठेवून झाली (हे कोणी सुचवलं आठवत नाही पण ठेवली होती खरी). नाही ती नाहीच.

म्हणजे चार उन्हाळे मी हा पिक्चर किमान वीसेक वेळा पाहिला आणि एकदाही रावण मेला नाही.

आता रामायणाचा शेवट मला काय माहीत नव्हता का, घरात आजी होती, होताच. पण आतेभाऊ माझ्याहून पाच वर्षांनी मोठा, त्याने मला शपथेवर सांगितलं की या पिक्चरमधला शेवट वेगळा आहे, यात रावण मरत नाही, तो पुष्पक विमानात बसून जपानला पळून जातो, आणि म्हणूनच तर जपानी लोकांनी पिक्चर काढला नाहीतर त्यांना काय पडलंय. मला हे इतकं पटलं होतं की चौथीत मी बाईंना सांगितलं. पुढचं विचारू नका.

तर २०२५ च्या जानेवारीत हा नवा फोरके (4K, म्हणजे जास्त स्पष्ट चित्र) करून थेटरात लागला (२४ तारखेला, त्याआधी ऑक्टोबरमध्ये येणार येणार म्हणून पुढे ढकलला होता) तेव्हा सहा वर्षांच्या लेकीला घेऊन गेलो. आणि मंडळी, पहिला अर्धा तास मी नुसता झाडं बघत होतो. लहानपणी चौदा इंची टीव्हीवर जे हिरवट काहीतरी दिसायचं ते जंगल आहे, त्यात पानं आहेत, पानांवर ऊन आहे, आणि हे कोणीतरी ब्रशने बसून रंगवलंय. लहानपणी आम्ही हे सगळं पळवायचो. रिमोटचं बटण दाबून धरायचं, दशरथ-कैकेयी आलं की पळव, भरत आला की पळव, थेट राक्षस. आता बरोबर उलटं झालं. कैकेयीच्या महालात तो म्हातारा राजा कोसळतो तिथे माझ्या घशात काहीतरी अडकलं, वडील गेल्यापासून असं कुठेही होतं माझं, आणि लढाया आल्या की मी घड्याळ बघायला लागलो. लेकीचं अर्थात माझ्या लहानपणासारखंच. दशरथ मरताना ती पॉपकॉर्न मागत होती.

मग कुंभकर्ण उठला. इथे मी खुर्चीचा हात घट्ट धरला होता हे मला बायकोने नंतर सांगितलं. चौकोन आले नाहीत. पिक्चर पुढे गेला! पंचवीस वर्षांत पहिल्यांदा. पुढचा सगळा भाग मी चौतिसाव्या वर्षी नव्याने पाहिला, ज्या पिक्चरचा पहिला दीड तास मला तोंडपाठ आहे त्याचा. असला अनुभव परत कुठल्या पिक्चरचा येणं शक्य नाही.

आणि रावण मेल्यावर लेक मोठ्याने म्हणाली, बाबा हा तर मेला, मग जपानला कोण जाणार? (हो, मी तिला तेच सांगितलं होतं. परंपरा आहे आमच्या घराण्याची.)

तुमच्या आठवणी येऊद्या. लहानपणी पाहिला असेल आणि मोठेपणी परत पाहिला असेल तर काय वेगळं वाटलं ते जास्त लिहा.

शेवटचा_बाक

हाहाहा जपानला पळून जातो!! मेलो. दादाला दंडवत सांगा.

मी केबलवालाच, दसऱ्याच्या आसपास दरवर्षी लागायचा आणि जाहिराती धरून चार तास चालायचा. पण मला आठवतो तो इंग्रजीत. मित्र म्हणतो हिंदीतच होता, अरुण गोविलचा आवाज होता. कोण बरोबर?

घाटावरचा

दोघंही. मूळ पिक्चर इंग्रजी संवादांचाच, रामाला निखिल कपूर आणि सीतेला राएल पदमसी यांचा आवाज. गाणी मात्र संस्कृतात होती. नंतर हिंदी डबिंग झालं त्यात राम अरुण गोविल, रावण अमरीश पुरी आणि निवेदन शत्रुघ्न सिन्हा. ज्याने अमरीश पुरींचा रावण ऐकलाय त्याला दुसरा चालत नाही, आणि म्हणूनच २०२५ ला थेटरातून बाहेर येणारी निम्मी जनता चिडलेली होती कारण हिंदी डबिंग सगळं नवीन केलेलं. चित्र फोरके आणि आवाज परके.

बिनसाखर

हे लिहायचं राहिलंच. अगदी अगदी. रावण तोंड उघडतो आणि भलताच कोणीतरी बोलतो, घरी फोन करावा आणि राँग नंबर लागावा तसं झालं. आणि हिंदी, तमिळ, तेलुगू, इंग्रजी सगळ्यात काढला, मराठीत नाही. आपण हिंदीत बघतोच हे त्यांना माहितीये ना.

न्यूजर्सीची_मावशी

इकडची गंमत सांगते. अमेरिकेत याचं वेगळं डबिंग आलं होतं, 'द प्रिन्स ऑफ लाइट' नावाने. आमच्या मुलांनी तेच पाहिलं. निवेदन जेम्स अर्ल जोन्स, म्हणजे स्टार वॉर्सवाल्या डार्थ व्हेडरचा आवाज. आणि रामाचा आवाज ब्रायन क्रॅन्स्टन. तेव्हा तो कोणाला फारसा माहीत नव्हता. काही वर्षांनी मुलगा कॉलेजात गेला आणि ब्रेकिंग बॅड बघताना हॉलमधून ओरडला, आई हा आपला राम आहे! मी किचनमधून धावत गेले तर टीव्हीवर टक्कल केलेला माणूस ड्रग्ज शिजवतोय. मला पाच मिनिटं काही सुधरेना.

शेवटचा_बाक

मावशी __/\__

सेलपेंटर

धागा बघून लॉगिन केलं, नाहीतर मी वाचनमात्र. ९६-९७ साली मुंबईत एका स्टुडिओत सेल रंगवायचं काम केलंय (या पिक्चरचं नाही, तो तेव्हा होऊन गेला होता, पण काम तेच) म्हणून झाडांबद्दल लिहिलंत त्यावर थोडं लिहितो, लांबलं तर सोडून द्या.

सेल म्हणजे पारदर्शक शीट. पुढच्या बाजूने आकृतीची रेघ आणि रंग मागच्या बाजूने. त्यामुळे रंगवायचा क्रम उलटा. कागदावर चित्र काढताना आपण आधी चेहरा भरतो मग डोळ्यातला ठिपका देतो, इथे ठिपका आधी, मग बुबुळ, मग पांढरं, सगळ्यात शेवटी चेहऱ्याचा रंग, कारण बघणारा पलीकडून बघतोय. सुरुवातीचे पंधरा दिवस डोकं उलटं चालायला लागतं, घरी चहा पण आधी बशीत ओततोय की काय असं व्हायचं. हातात सुती मोजे, बोटाचा तेलकट डाग पडला तर शीट गेली. आणि बारकी गोष्ट अशी की शीट पूर्ण पारदर्शक नसते, एकावर एक तीन ठेवल्या की सगळ्यात खालच्या शीटचा रंग किंचित मळतो, म्हणून एकच पात्र वरच्या थरात आणि खालच्या थरात असलं तर रंग थोडा वेगळा कालवावा लागतो नाहीतर पडद्यावर उपरणं मधेच मळकं दिसतं.

आता या पिक्चरला असे सुमारे एक लाख सेल लागले आणि साडेचारशेच्या आसपास कलाकार होते. १३५ मिनिटं म्हणजे ८१०० सेकंद, सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर १ लाख ९४ हजार ४०० फ्रेम होतात. एक चित्र दोन किंवा तीन फ्रेम धरून ठेवतात, आणि उलट एका फ्रेममध्ये दोनतीन थर पण असतात, त्यामुळे हिशोब एवढा सरळ नाही, पण साधारण कल्पना यावी. एवढे लाखभर डोळ्यातले ठिपके कोणीतरी आधी दिलेत.

तुम्ही म्हणता ते जंगल मात्र सेल नसतं, ती पार्श्वभूमी कागदावर वेगळी रंगवलेली असते आणि सेल तिच्यावर ठेवून वरून कॅमेऱ्याने फोटो काढायचा, एक फ्रेम काढायची, सेल बदलायचा, पुढची फ्रेम काढायची. त्यामुळे पात्रं सपाट रंगाची आणि मागे झाडाला खोली असा जो फरक दिसतो, तो त्या काळच्या सगळ्या हाताने केलेल्या कामात दिसेल.

सगळ्यात अवघड काय असेल सांगू? धोतर. आपल्याला चेष्टा वाटते. जपानी चित्रकार किमोनो डोळे मिटून काढेल पण धोतराची निरी चालताना कुठे उघडते आणि बसताना कुठे जाते हे त्याला कसं कळणार. म्हणून इकडच्या मंडळींनी त्यांना धोतर कसं नेसतात, मोठ्यांच्या पाया कसं पडतात, हे सगळं समजावून दिलं होतं. परत बघाल तेव्हा राम उठतो आणि बसतो तेवढंच बघा.

आजीचा_बटवा

सेलपेंटर, किती छान लिहिलंत. लांबलं वगैरे काही नाही, अजून लिहा. चहा बशीत वाचून हसले.

खडूस_काका

सगळे आरत्या ओवाळताय म्हणून मी थोडा कापूर विझवतो. मी हा पिक्चर लहानपणी पाहिलेला नाही. २०२५ ला नातवाला घेऊन गेलो आणि प्रामाणिकपणे सांगतो, सव्वादोन तास चुळबुळ करत होतो. पार्श्वचित्रं उत्तम, मान्य. कुंभकर्ण जबरदस्त, मान्य. पण चेहरे सगळे एकाच साच्यातले, डोळे तेवढे मोठे. आणि बालकांडापासून लंकेपर्यंत सगळं एवढ्या वेळात कोंबल्यामुळे कुठे थांबायला वेळच नाही, वाली येतो कधी जातो कधी कळत नाही, आणि वालीवध हा रामायणातला सगळ्यात अडचणीचा प्रश्न आहे राव, तो असा बसस्टॉपसारखा सोडून पुढे जायचं?

धागाकर्त्याला राग येऊ नये पण तुम्हाला पिक्चर आठवत नाहीये, सांगलीचा मे महिना आठवतोय. हेमावैम (हे माझे वैयक्तिक मत).

बिनसाखर

काका राग नाही. अर्ध खरं आहे तुमचं, सांगली वजा केली तर माझ्याकडे किती पिक्चर उरतो मला पण माहीत नाही. पण मग शेवटच्या पाऊण तासाचं काय? तो तर मी तुमच्यासारखाच पहिल्यांदा पाहिला ना, त्यात सांगली नव्हती. आणि खरं सांगायचं तर तो भाग मला पहिल्या भागाएवढा नाही आवडला. लढाया लांबल्यात. म्हणजे तुमचंच बरोबर निघतंय बहुतेक, जाऊद्या.

वालीबद्दल सहमत.

खडूस_काका

इतक्या लवकर मान्य करणारा धागाकर्ता या संस्थळावर प्रथमच पाहतोय. मजा गेली.

मी_नाशिककर

पंचवटीत जन्म, पंचवटीत शाळा, त्यामुळे या पिक्चरवर माझा हक्क आहे असं समजून लिहितो. आमच्याकडे शूर्पणखेचं नाक कापलं म्हणून नाशिक हे पोरांना बोलायला लागल्याबरोबर सांगतात. सीतागुंफेत वाकून जायचं, काळाराम, रामकुंड, सगळं घरापासून चालत. तर लहानपणी पिक्चरमध्ये पंचवटी आली की मी आईला म्हणायचो ही आपली नाही. त्यात झाडंच झाडं, मधे पर्णकुटी, पाणी असं की तळ दिसतोय. आमच्या पंचवटीत रिक्षा, भांडी बाजार आणि रामकुंडावर काँक्रीट. मला वाटायचं जपान्यांनी चुकीची काढली.

मागच्या वर्षी परत पाहिला तेव्हा उलट वाटलं, की तो माणूस परदेशातून आला, गोदावरी अशी असेल अशी कल्पना केली आणि काढली. आम्ही तिथे जन्मून कधी तशी कल्पना केली नाही.

जटायूचा प्रसंग पण. इगतपुरी तालुक्यात टाकेद आहे, सर्वतीर्थ टाकेद, जटायू तिथे पडला म्हणतात, रामाने त्याच्यासाठी बाण मारून पाणी काढलं. आम्ही दरवर्षी जायचो, मला फक्त तिथली भेळ आठवायची. थेटरात जटायूचा पंख तुटतो तिथे आई शेजारी बसून पदराने डोळे पुसत होती आणि मधेच म्हणाली, टाकेदला जाऊन किती वर्षं झाली रे. पुढच्या रविवारी गेलो. भेळ अजून चांगली मिळते.

शेवटचा_बाक

एक प्रश्न. इतका चांगला आहे तर हा तेव्हाच का नाही गाजला? आमच्या वडलांना रामानंद सागरांचं रामायण पाठ आहे, १९८७ ची ती रविवार सकाळ, रस्ते ओस वगैरे शंभर वेळा ऐकलंय. पण हा पिक्चर थेटरात आलेला त्यांना आठवतच नाही.

घाटावरचा

मोठी कहाणी आहे. साको १९८३ साली भारतात आले ते माहितीपट करायला, अलाहाबादजवळ पुरातत्त्वज्ञ बी. बी. लाल यांचं रामायणाशी जोडलेल्या जागांचं उत्खनन चाललं होतं त्यावर. तिथून त्यांना रामायणाचं वेड लागलं, जपानी भाषेत मिळाली तेवढी, दहाएक रामायणं वाचून काढली. त्याच सुमारास पेपरात त्या माहितीपटाबद्दल बातमी आली, त्यातून गैरसमज झाला की परदेशी माणूस रामायणावर सिनेमा काढतोय, आणि विश्व हिंदू परिषदेने दिल्लीच्या जपानी वकिलातीला निषेधाचं पत्र धाडलं. गंमत अशी की तोपर्यंत तो माहितीपटच होता. मग साकोंनी सगळ्यांना भेटून समजूत काढली. त्यांचं म्हणणं होतं की राम देव आहे, तो माणसाने नट म्हणून करण्यापेक्षा चित्रात दाखवणं जास्त योग्य. भारत सरकारबरोबर मिळून करायची इच्छा होती पण सरकारला वाटलं कार्टून म्हणजे थट्टा होईल, विषय नाजूक. म्हणून मुख्य काम जपानमध्ये झालं, खर्च ८० कोटी येन.

पिक्चर तयार झाला १९९२ ला. १९९२ च्या डिसेंबरात अयोध्येत काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. जानेवारी ९३ ला दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात दाखवला. त्या महिन्यात मुंबईत दंगल चालू होती. अशा वेळी रामावरचा पिक्चर कोण वितरक हातात घेईल? पुढे थेटरात आला तो कधी आला कधी गेला कळलं नाही. जो काही जगला तो टीव्हीवर आणि तुमच्या त्या सीडीवर.

एक_सामान्य_माणूस

याला जबाबदार कोण हे पण लिहा की मग

घाटावरचा

नाही लिहिणार. कोजागिरीचं दूध आहे, त्यात मिरच्या कशाला.

संपादक मंडळ

धागा छान चालला आहे, त्याचा काश्मीर (न संपणारं भांडण) होऊ देऊ नये ही विनंती. यानंतरचे दोन प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत.

आजीचा_बटवा

मला संगीताबद्दल लिहायचंय. वनराज भाटियांचं संगीत आहे, 'भूमिका'वाले, 'भारत एक खोज'वाले. आणि ती संस्कृत गाणी लिहिली वसंत देवांनी. आपले वसंत देव! 'घाशीराम' हिंदीत नेणारे, 'उत्सव'ची गाणी लिहिणारे, 'सारांश'साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळालेले. जपानी पडद्यावर संस्कृत गाणं आणि ते लिहिणारा मराठी माणूस, हे आपण कधी मिरवलंच नाही.

राम मोहन यांना तर पद्मश्री मिळायला २०१४ उजाडलं. १९५६ ला ते फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात लागले, तिथे डिस्नेत काम केलेले क्लेअर वीक्स शिकवायला आले होते. सत्यजित राय यांच्या 'शतरंज के खिलाडी'तला कार्टूनचा तुकडा त्यांचाच, आणि युनिसेफची ती मीना, पोपटवाली, ती पण. २०१९ ला गेले. साको त्याआधीच, २०१२ ला. दोघांनीही थेटरातली ती २०२५ ची गर्दी पाहिली नाही.

आता मुख्य गोष्ट. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हाच चाळिशीची होते, मुलांबरोबर, पोळ्या करता करता. आता नातीबरोबर नीट बसून पाहिला. तर शेवट. रावण गेला, सीता भेटली, विमानातून अयोध्येला. अग्निपरीक्षा नाहीच. पुढचं उत्तरकांड तर नाहीच नाही. तेव्हा पोळ्यांच्या नादात हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. या वेळी लक्षात आलं आणि एकदम हायसं वाटलं, बरं झालं, नातीला काही सांगायला नको. आणि घरी येईपर्यंत रिक्षात मला स्वतःचाच राग आला. गदिमांनी छप्पन गाण्यांत ते टाळलं नाही, लक्ष्मणाला विचारणारी सीता गीतरामायणात आहे, आमच्या आईने १९५५-५६ ला पुणे केंद्रावर ते सगळं रेडिओसमोर बसून ऐकलं आणि मला सात आठ वर्षांची असताना सांगितलं. मला झेपलं. मग नातीला का नाही?

अजून सांगितलेलं नाही. ती अधूनमधून विचारते, आजी मग त्यांना बाळ झालं का? मी म्हणते दोन झाली. इथपर्यंत आलोय.

न्यूजर्सीची_मावशी

बटवा, हे वाचून दहा मिनिटं बसून राहिले. माझ्या मुलीने कॉलेजात असताना मला फोन करून विचारलं होतं, तू मला हे कधी सांगितलंच नाहीस. आवाज भांडणाचा होता. तिला रागच आला होता माझा, रामाचा नाही. तुम्ही सांगून टाका हो.

खडूस_काका

बटवाताई, हा प्रतिसाद स्वतंत्र धाग्याच्या लायकीचा आहे. आणि तो शेवटाचा आक्षेप माझ्या यादीत घालायचा राहिला होता, घालतो.

सेलपेंटर

एक बाजू मांडतो. परदेशी माणूस, आधीच निषेधाची पत्रं आलेली, त्याने अग्निपरीक्षेला हात घातला असता तर काय झालं असतं? दाखवली असती तरी लोक भांडले असते, स्वतःच्या मताने बदलून दाखवली असती तरी. त्याने पान उलटून टाकलं. हा माझा अंदाज. बटवा म्हणतात ते आपल्या घरचं काम आहे, ते त्याच्यावर ढकलण्यात अर्थ नाही.

मी_नाशिककर

+१

थोरला

नवीन सदस्य आहे. मराठी टाइप करायला वेळ लागतोय. आमच्या ममेभावाने लिंक पाठवली म्हणून आलो.

मीच तो जपानवाला दादा.

पिंट्या, तू चौघांत माझी लाज काढलीस म्हणून आता खरं सांगतो. ती सीडी आपोआप खराब झाली नव्हती. तू येण्याच्या आदल्या आठवड्यात मी ती बोटात घालून गच्चीवर सुदर्शन चक्र म्हणून फिरवली, ती उडाली आणि टाकीच्या पत्र्यावर घासली. पप्पांनी मुंबईहून आणलेली, नवी कोरी. मी पुसून डब्यात ठेवून दिली. मग तू आलास आणि पहिल्याच दिवशी विचारलंस शेवटी काय होतं. मला काय माहीत शेवटी काय होतं! मी पण एकदाच पाहिला होता आणि रावण मरायच्या आधी मला झोप लागली होती. जपान पटकन सुचलं.

टूथपेस्टची आयडिया माझीच, फ्रीज पण माझाच. तू चार वर्षं ती सीडी एवढ्या मनापासून पुसायचास की मला सांगायची हिंमत झाली नाही.

शेवटचा_बाक

अरे!!!!

न्यूजर्सीची_मावशी

पाणी नाकात गेलं माझ्या.

खडूस_काका

खुर्ची टाकून बसलोय. पुढे?

बिनसाखर

दादा मी ऑफिसात आहे आणि हसू आवरत नाहीये, मॅनेजर बघतोय. चार उन्हाळे! मला वाटायचं माझ्या हाताला घाम येतो म्हणून अडकते, आत्या पण तसंच म्हणायची. आत्याला सांगितलंस का?

थोरला

आत्ता फोन केला. आई म्हणाली मला तेव्हाच माहीत होतं, गच्चीवरून खालच्या काकूंनी पाहिलं होतं.

दोन्ही सीड्या अजून कपाटात आहेत म्हणाली, तुझ्या मुंजीच्या अल्बमखाली. गणपतीला ये घ्यायला. अमरीश पुरी आहे त्यात, मी विचारून घेतलं.

बिनसाखर

येतोच. पण चालवायची कशावर, आमच्याकडे लॅपटॉपला पण सीडीचा कप्पा नाही. पुण्यात कोणाकडे चालू व्हीसीडी प्लेअर पडलाय का हो, भाड्याने दिला तरी चालेल. कोथरूड किंवा सिंहगड रोड असेल तर मी येऊन घेऊन जाईन.

सेलपेंटर

माझ्याकडे आहे. धनकवडी. रिमोट हरवलाय पण, पळवता येणार नाही, सगळं बघावं लागेल. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.